माळव्यात फॉदरगिला लावण्याआधी

फॉदरगिला हे अमेरिकेच्या आग्नेय भागातलं झुडूप, त्याची बुटकी जात फार तर कंबरेएवढी. त्याच्या फुलाला पाकळ्या नसतातच. मधासारखा वास असलेले पांढरे पुंकेसर ब्रशच्या केसांसारखे उभे राहतात, तेही बहुतेक पालवी फुटायच्या आत. शरदात एकाच पानावर पिवळा, केशरी, लाल असे तिन्ही रंग उतरतात. इंदूरच्या गच्चीवर असं झाड हवंसं वाटणारच. पण पैसे घालण्याआधी घरातल्या अनंताकडे एकदा नीट बघा.

अठराव्या शतकात अमेरिकेतल्या चार्ल्सटनला अलेक्झांडर गार्डन नावाचे डॉक्टर होते. तिकडच्या वनस्पतींचे नमुने ते वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसकडे धाडत. अनंताच्या गार्डेनिया प्रजातीला आणि फॉदरगिलाच्या बुटक्या जातीला त्यांचंच नाव मिळालं. (फॉदरगिल हे लंडनचे डॉक्टर, तेही झाडवेडे.) त्याहून कामाचं साम्य म्हणजे दोघांना आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) साधारण 5 ते 6.

आपली काळी माती बेसॉल्टची. तिच्यात चुनखडीचे खडे, सामू बहुधा 7.5 च्या वर. लोह भरपूर असतं, पण या सामूला ते विरघळत नाही, म्हणून मुळांच्या हाती लागत नाही. अनंताचं शेंड्याचं कोवळं पान उजेडात धरा: शिरा हिरव्या, मधली जागा फिकट पिवळी. हरितद्रव्य तयार करायला लोह लागतं आणि जुन्या पानातलं लोह झाडाला नव्या पानाकडे फारसं नेता येत नाही. त्यामुळे उपासमार आधी कोवळ्या पानांची होते.

शरदातला पिवळेपणा वेगळा. तिथे झाड हरितद्रव्य स्वतःच मोडतं, पानातला नत्र फांदीत ओढून घेतं आणि आधीपासून असलेली कॅरोटिनॉइड्स, म्हणजे पिवळी-केशरी रंगद्रव्यं, उघडी पडतात. लाल रंग मात्र त्या वेळी नव्याने बनतो. पानातल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होतं आणि स्वच्छ ऊन नि गार रात्री असल्या की ते जास्त बनतं.

डिसेंबरात इंदूरला ऊनही असतं, रात्रीही गार असतात. तरी फॉदरगिलाचं गाव आपल्यापेक्षा सुमारे 10 अंश उत्तरेला. तिथला दिवस जास्त आखूड होतो, थंडी दुपारीही टिकते. कळ्यांना नीट उमलायला अशी सलग थंडी लागते. माती बदलता येईल, डिसेंबरची दुपार कशी बदलणार? म्हणून मी तरी हे झाड मागवणार नाही.

अनंत मात्र सांभाळता येतो. जमिनीत गंधक घालण्यात फारसा अर्थ नाही. त्यापासून बनणारं आम्ल चुनखडी गिळून टाकते. हिराकसही (लोहाचं सल्फेट) अशा मातीत लवकर निकामी होतं. कुंडीत पानांचं कुजलेलं खत आणि कोकोपीट भरा. बोअरचं जड पाणी टाळा, ते सामू पुन्हा वर नेतं. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. लोहाचं चिलेट (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग) घ्यायचं तर पुडीवर ईडीडीएचए लिहिलंय का पाहा. स्वस्तातलं ईडीटीए अल्कधर्मी मातीत टिकत नाही.

वास आणि रंग एकाच झुडपात हवेत हा हट्ट सोडला तर काम सोपं आहे. वासाला कुंती लावा, ती काळ्या मातीत कुरकुर करत नाही. रंगाला नंदिना, हिवाळ्यात तिची पानं लालसर होतात. मात्र तिला गच्चीवर उन्हातच ठेवा, सावलीत ती हिरवीच राहते.