पुरुषाच्या हार्मोन तपासणीमागचा कोंबडा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे वृषणात बनणाऱ्या पुरुषी हार्मोनच्या तपासणीची, चिठ्ठी दाखवा, पहिलं वाक्य ठरलेलं: ‘‘सकाळी दहाच्या आत या, काही न खाता.’’ हे हार्मोन सकाळी चढलेलं असतं आणि दिवसभरात उतरत जातं. आकडा कमी आला, तर वेगळ्या दिवशी सकाळीच पुन्हा रक्त देऊन खात्री करतात.

बडवलेला बैल थंडावतो, हे निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. का थंडावतो, ते मात्र कोंबड्यांनी सांगितलं. 1849 मध्ये जर्मनीत गटिंगनला आर्नोल्ड बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने सहा कोंबडे घेतले. वृषण काढलेल्यांचा तुरा सुकला, बांग बसली. काहींच्या पोटात वृषण परत बसवलं, तर तुरा लालभडक, भांडणंही चालू! नसा तुटलेल्या होत्या. म्हणजे जे काही पोचत होतं, ते रक्तातून.

1889 मध्ये 72 वर्षांच्या ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने कुत्रा आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचं जाहीर केलं. त्या पाणीदार अर्कात हार्मोन जवळपास नव्हतंच. जाहिरातींतला ‘पॉवर’चा धंदा तसा जुनाच.

1935 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये सुमारे 100 किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन निघालं. तेव्हा अर्काचा जोर मोजायचा, तर खच्ची कोंबड्याचा तुरा किती वाढला ते बघत. नळीभर रक्तात भागायला लागलं ते रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांच्या रेडिओइम्युनोॲसेमुळे, म्हणजे किरणोत्सारी खूण वापरून रक्तातलं हार्मोन मोजायच्या पद्धतीमुळे. ती त्यांनी आधी इन्सुलिनसाठी बसवली होती. 1977 चं नोबेल यालोंना मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

त्याच वर्षी त्या नोबेलचा दुसरा अर्धा भाग गियमँ आणि शॅली यांना मिळाला, मेंदूतल्या हार्मोन्सवरच्या कामासाठी. आपल्या रिपोर्टवरचे एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन या साखळीतलेच. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेते, एफएसएच सोडून शुक्राणू. वृषण दमलं की वरून हाका वाढतात आणि हे आकडे चढतात. टेस्टोस्टेरॉनही कमी आणि हेही कमी, तर दोष वरच्या मजल्यावर शोधायचा. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्याचं वेगळंच: दंड फुगतात, वरच्या हाका थांबतात आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात.

टेस्टोस्टेरॉन नॉर्मल असूनही शुक्राणू नसणं शक्य आहे, म्हणून मूल होत नसेल, तर वीर्यतपासणी आधी. आपल्याकडे मात्र ‘वांझ’ म्हणतात ते बाईलाच. पुरुषाला फार तर ‘नपुंसक’, आणि त्याचा अर्थ वेगळा. मग बायकोची फाइल सोनोग्राफ्यांनी जाड होते, आणि नवऱ्याचा पहिला कागद तिच्यात सगळ्यात शेवटी लागतो.