पॉइंटचा गॅप वेगळा, टायमिंग वेगळं

“पॉइंट-टायमिंग करून टाकलंय,” असं सांगून मिस्त्री बॉनेट लावतात, आणि दोन वेगळी कामं एकाच शब्दात गुंडाळली जातात. ज्यांनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर अजून चालती ठेवली आहे, त्यांनी ही दोन कामं मनात सुटी करून ठेवायलाच हवीत, कारण एकातली चूक दुसऱ्यात लपते.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग. त्याची टोपी काढून रोटर, म्हणजे स्पार्क वाटणारा फिरता तुकडा, उचलला की खाली पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे दोन संपर्क, दिसतात. मधल्या शाफ्टवर चार कोपऱ्यांचा कॅम असतो. कोपरा आला की तो पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो आणि पॉइंट उघडतात. मिटलेले असतात तोवर स्पार्कसाठी वीज पुरवणारी कॉइल भरत असते, उघडले की त्याच क्षणी प्लगला स्पार्क जातो. पूर्ण उघडल्यावर पॉइंटमध्ये जी फट राहते, तो गॅप. पिस्टन टॉपला पोहोचायच्या किती अंश आधी स्पार्क पडतो, ते टायमिंग. गॅप फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने, मोजायचा, या गाड्यांना साधारण ०.४ मिमीच्या आसपास. टायमिंग क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरच्या खुणेशी जुळवायचं.

आता खरी मेख. गॅप बदलला की टायमिंग बदलतं, पण टायमिंग बदलल्याने गॅप बदलत नाही. फट वाढवली तर कॅमचा कोपरा टाचेला लवकर गाठतो, पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग अ‍ॅडव्हान्स होतं, म्हणजे स्पार्क लवकर पडतो. फट कमी झाली की रिटार्ड, म्हणजे उशिरा. उलट डिस्ट्रिब्युटर अख्खा फिरवला तर क्षण सरकतो, फट आहे तशीच राहते. शिवाय डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथला एक अंश क्रँकवर दोन अंश होतो. हाताला नुसता धक्का वाटावा एवढ्याने टायमिंग जातं, ते यामुळेच.

आमच्या पद्मिनीचं नेमकं हेच झालं होतं. ओढ कमी झाली म्हणून गाडी एका गॅरेजात दिली. त्यांनी डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून दिला आणि गाडी छान पळाली. टाच झिजून गॅप मिटत चालला होता, तो कुणी पाहिलाच नाही. काही आठवड्यांनी खंबाटकीच्या चढावर ती मिस मारत मारत बंद पडली. टोपी काढली तर पॉइंटमधून व्हिजिटिंग कार्डही जाईना, आणि दोन्ही टोकं काळी पडलेली. कार्डाच्या जाडीने गॅप केला, गाडी चालू झाली, पण आता चढावर इंजिनातून टकटक येऊ लागली. आधी फिरवलेला अ‍ॅडव्हान्स आणि गॅपने आणलेला अ‍ॅडव्हान्स, दोन्ही एकावर एक बसले होते. डिस्ट्रिब्युटर परत मागे घेतला तेव्हाच टकटक थांबली.

म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. पॉइंटच्या एका टोकाला खड्डा आणि दुसऱ्याला टेंगूळ आलं असेल तर फिलर टेंगळावर टेकतो आणि खरा गॅप मोजल्यापेक्षा जास्त निघतो. अशा वेळी नवे पॉइंट घाला आणि पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सरही तपासा. शाफ्टला हाताने हलवून पाहा. शाफ्टला धरणारा बुश झिजून खेळत असेल तर चारही कोपऱ्यांवर गॅप वेगवेगळा येतो आणि कितीही सेट केला तरी टिकत नाही.

टायमिंगसाठी १२ व्होल्टचा छोटा बल्ब पुरतो. त्याची एक तार कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक तारेच्या टोकाला, दुसरी बॉडीला. प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकला आणि पुलीची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणा. रोटर पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे बघतोय ना, हे नक्की करा. खूण पुढे गेली तर गाडी चांगली मागे घेऊन पुन्हा पुढे आणा, नाहीतर गिअरचा खेळ फसवतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लँप ढिला करा, चावी ऑन करा आणि बल्ब विझेपर्यंत डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या दिशेने फिरवा. मग अगदी सावकाश उलट आणा. बल्ब लागला तिथेच घट्ट करा. चावी ऑन करून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते.

स्ट्रोब लाइट, म्हणजे प्रत्येक स्पार्कबरोबर चमकून पुलीची खूण दाखवणारा दिवा, असेल तर इंजिन आयडलला चालू ठेवून, डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून तिचं तोंड बंद करून पुन्हा पाहा. रेस दिल्यावर खूण अ‍ॅडव्हान्सच्या बाजूला सरकली पाहिजे. सरकत नसेल तर वेग वाढला की टायमिंग अ‍ॅडव्हान्स करणारी डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं अडकलीत.

शेवटी कॅमवर ग्रीसचा बारीक ठिपका द्या. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं, आणि कोरडं ठेवलं तर टाच झिजून गॅप पुन्हा मिटतो.