मृत्युपत्र

आपल्या मृत्यूनंतर आपल्या मालमत्तेची व्यवस्था कशी व्हावी, याविषयी व्यक्तीने हयातीत केलेली कायदेशीर घोषणा म्हणजे मृत्युपत्र. बक्षीसपत्र किंवा खरेदीखत पूर्ण होताच मालकी दुसऱ्याकडे जाते. मृत्युपत्र मात्र ते करणाऱ्याच्या हयातीत कोणालाही कसलाच हक्क देत नाही. मृत्युपत्रकर्ता त्यात नमूद केलेली जमीन नंतर विकू शकतो, गहाण ठेवू शकतो, मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलू किंवा रद्द करू शकतो. ‘हे मृत्युपत्र मी कधीही रद्द करणार नाही’ असे त्याने स्वतः लिहून ठेवले असले, तरी ते वाक्य त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही. दस्तऐवज अमलात येतो तो मृत्यूनंतरच, आणि तो आपलाच आहे की नाही हे सांगू शकणारी व्यक्ती तेव्हा या जगात नसते. मृत्युपत्राविषयीचे बहुतेक नियम या एका अडचणीतून निर्माण झाले आहेत.

प्राचीन हिंदू धर्मशास्त्रात मृत्युपत्राची स्वतंत्र संकल्पना आढळत नाही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळत असल्याने ती इच्छेनुसार देऊन टाकण्यास फारसा वाव नव्हता. ब्रिटिश अमदानीत न्यायालयांनी हिंदूंची मृत्युपत्रे मान्य केली आणि १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने बंगाल प्रांत तसेच मुंबई व मद्रास या शहरांपुरते त्यांचे नियमन सुरू केले. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हा भारतातील अपिलांचा अंतिम निकाल देणाऱ्या लंडनमधील न्यायसंस्थेने, टागोर खटल्यात एक मूलभूत मर्यादा घालून दिली. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती झालेल्या आपल्या मुलाला वगळून पुढच्या पिढ्यांतील पुरुषांकडे मालमत्ता एका ठरावीक क्रमाने जाईल अशी तजवीज केली होती. व्यक्ती आपली मालमत्ता कोणाला द्यायची हे ठरवू शकते, पण कायद्याला अज्ञात असलेला वारसाक्रम स्वतः निर्माण करू शकत नाही, असा निर्वाळा तेथे मिळाला. आज मुख्य आधार आहे तो भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५. त्यानुसार १ जानेवारी १९२७ पासून हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची सर्व मृत्युपत्रे लेखी व साक्षांकित असणे आवश्यक ठरले.

सुदृढ मनःस्थितीतील कोणतीही सज्ञान व्यक्ती मृत्युपत्र करू शकते (कलम ५९). आपण काय करत आहोत हे जिला समजते, अशी अंध, मूक किंवा बधिर व्यक्तीही ते करू शकते. एरवी मनोविकाराने ग्रस्त असलेल्या व्यक्तीने मन स्थिर असतानाच्या काळात केलेले मृत्युपत्रही वैध असते. फसवणूक, जबरदस्ती किंवा स्वेच्छाच उरू नये इतका तगादा लावून करवून घेतलेले मृत्युपत्र मात्र शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, ठरते.

औपचारिक अटी थोड्या असल्या तरी काटेकोर आहेत. कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रकर्त्याने सही करावी किंवा अंगठा उठवावा, अथवा त्याच्या समक्ष व त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने त्याच्यासाठी सही करावी. किमान दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकाने ही सही होताना पाहिलेली असावी किंवा ‘ही सही माझी आहे’ अशी कबुली मृत्युपत्रकर्त्याकडून ऐकलेली असावी, आणि प्रत्येकाने त्याच्या समक्ष स्वतःची सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणे मात्र आवश्यक नाही. विशिष्ट मसुदा, मुद्रांक किंवा कायद्याची भाषा लागत नाही. साध्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहिलेले मृत्युपत्रही पूर्ण वैध असते. मृत्युपत्रातील दोन कलमे परस्परविरोधी असून त्यांचा मेळ बसत नसेल, तर नंतरचे कलम ग्राह्य धरतात. ख्रिस्ती व पारशी यांच्याबाबत साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी शून्य होते आणि मृत्युपत्रकर्त्याच्या विवाहाने आधीचे मृत्युपत्र रद्द होते. हे दोन्ही नियम हिंदूंना लागू नाहीत.

मृत्युपत्राची खरी कसोटी न्यायालयात लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ नुसार साक्षीदारांपैकी कोणी हयात व साक्ष देण्यास समर्थ असल्यास किमान एकाला तरी न्यायालयात तपासावे लागते. केवळ सही ओळखली म्हणून काम भागत नाही. ‘त्यांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली’ हे साक्षीदाराला सांगता आले पाहिजे, आणि दुसऱ्या साक्षीदाराची सही कशी झाली तेही पुराव्यात यावे लागते. अनेक प्रामाणिक मृत्युपत्रे येथेच अडखळतात, कारण साक्षीदार निवडताना तो मागे राहील का आणि निर्भयपणे बोलेल का, याचा विचार झालेला नसतो. मृत्युपत्रकर्त्याहून तरुण आणि मालमत्तेत हितसंबंध नसलेला साक्षीदार म्हणूनच मोलाचा ठरतो.

याविषयीचा आजही प्रमाण मानला जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा आहे. एच. व्यंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. तिम्मजम्मा या खटल्यातील हा निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. मृत्युपत्र इतर दस्तऐवजांप्रमाणेच सिद्ध करायचे असते, पण ते करणारा जग सोडून गेलेला असल्याने न्यायालयाने विशेष गांभीर्याने त्याची छाननी करावी, आणि संशयास्पद परिस्थिती असल्यास ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते, असे त्यात सांगितले आहे. थरथरती किंवा वेगळी दिसणारी सही, मरणासन्न अवस्था, लाभ मिळणाऱ्यानेच वकील गाठून मसुदा करवून घेणे, पत्नीचा वा मुलांचा उल्लेखही न करता त्यांना वगळणे, ही अशा परिस्थितीची नेहमी आढळणारी उदाहरणे होत. मात्र नैसर्गिक वारसाला कमी दिले किंवा काहीच दिले नाही, एवढ्यानेच संशय सिद्ध होत नाही. वारसाहक्काचा ठरलेला क्रम बदलण्यासाठीच तर मृत्युपत्र केले जाते. वगळण्याचे कारण दोन ओळींत लिहून ठेवल्यास पुढचा वाद पुष्कळदा टळतो. वैद्यकीय प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नाही, पण वार्धक्यात केलेल्या मृत्युपत्राला त्याचा मोठा आधार मिळतो.

नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि तिला मुदतही नाही. मृत्युपत्र बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोयही याच कायद्यात आहे. नोंदणीकृत मृत्युपत्र अंतिमच असते, हा समज चुकीचा आहे. नंतर रीतसर केलेले नोंदणी नसलेले मृत्युपत्रही आधीचे नोंदणीकृत मृत्युपत्र रद्द करू शकते, आणि नोंदणी झाली म्हणून साक्षीदार तपासण्याची गरज संपत नाही.

मृत्युपत्राच्या खरेपणावर न्यायालयाने उमटवलेली मोहोर म्हणजे प्रोबेट. मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे केलेल्या किंवा तेथील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी ते भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २१३ मुळे दीर्घकाळ सक्तीचे होते. २०२५ मध्ये संसदेने हे कलम वगळले. प्रोबेट मृत्युपत्राचा अस्सलपणा ठरवते, मालमत्ता मुळात मृताच्या मालकीची होती का हे ठरवत नाही. सातबारावरील फेरफार नोंदीनेही मालकी सिद्ध होत नाही.

मृत्युपत्र नसेल तर व्यक्तिगत कायद्याचा क्रम लागू होतो. हिंदू पुरुषाच्या बाबतीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस आहेत. वडील दुसऱ्या वर्गात येतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे स्त्रियांबाबतचे कलम १५ अधिक कठोर आहे. मुले नसलेल्या विधवा हिंदू स्त्रीने स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राअभावी पतीच्या वारसांकडे जाते, तिला वाढवणारे आईवडील हयात असले तरी. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परतते. या कायद्यात राहिलेला हा अन्याय टाळण्याचा मार्ग आज त्या स्त्रीच्या हाती एकच आहे, तो म्हणजे मृत्युपत्र. एकत्र कुटुंबातील आपला अविभक्त हिस्साही हिंदू व्यक्तीला मृत्युपत्राने देता येतो (कलम ३०), आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क असलेली हिस्सेदार, झाल्यावर हा अधिकार तिलाही मिळाला.

मुस्लिम कायद्यात मृत्युपत्र तोंडीही चालते, पण दफनाचा खर्च व कर्जे फेडल्यावर उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग इतर वारसांच्या संमतीशिवाय देता येत नाही. सुन्नी मतानुसार वारसालाच काही द्यायचे झाल्यासही ही संमती लागते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आणि २०१२ च्या राज्य कायद्यात कायम राहिलेली पद्धत आहे. तेथे निम्मा वारसा मुले व अन्य अनिवार्य वारसांसाठी राखीव असतो आणि मृत्युपत्राने केवळ उरलेला निम्मा भाग देता येतो. अनिवार्य वारसाला पूर्णपणे वगळायचे असेल तर कायद्यात नमूद केलेल्या कारणांपैकीच एखादे कारण असावे लागते.