चाकाचे वजन वेगळे आणि चाकावरचा रोध वेगळा

कापसाचा पहिला चुकारा हाती आला की आमच्या हिंगणघाटकडच्या गावांत दोन-चार घरी तरी व्यायामाची सायकल येते, आणि ती येण्याआधी बहुतेकांची एक फेरी माझ्याकडे होते. विचारणारा कोणीही असो, प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, चाक किती किलोचं घेऊ?" त्याला आधीच कोणीतरी ठासून सांगितलेले असते की "चाक जड पायजे, नाही तं घाम कुठून येईन?" दुकानदार या समजुतीला हात लावत नाही, कारण जड चाकाचे यंत्र महाग असते. आठ किलोच्या चाकावर हलका व्यायाम होतो आणि वीस किलोच्या चाकावर दणकट व्यायाम होतो, ही समजूत मुळापासून चुकीची आहे. तिच्यापायी लोक गरज नसताना जास्तीचे पैसे मोजतात, आणि ज्या गोष्टी खरोखर पाहायला हव्यात त्या पाहतच नाहीत.

रोध म्हणजे काय, हे सायकल चालवलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ब्रेकचे रबर रिमला घासत राहिले, समोरून वारा सुटला किंवा पांदण रस्त्यावरच्या काळ्या मातीत टायर रुतला की पायांना जे जाणवते, तोच रोध. घरच्या यंत्रात चाकाच्या कडेवर दाबला जाणारा नमद्याचा तुकडा किंवा चाकाच्या अगदी जवळ सरकणारे चुंबक तो निर्माण करते. नॉब आवळली की रोध वाढतो आणि सैल केली की कमी होतो. दुकानात यालाच 'लोड' म्हणतात.

गाडे अडते ते चाकाशी. हे जड चाक, ज्याला फ्लायव्हील म्हणतात, कशासाठी असते हे समजायला हाताने फिरवायची जुनी कडबाकुट्टी आठवावी. तिचे मोठे बिडाचे चाक एकट्याने उचलणे कठीण असते. पण यंत्राच्या तोंडात कडबा नसताना तेच चाक एकदा फिरवून मूठ सोडली, तर ते कितीतरी फेरे आपोआप घेत राहते. पहिला फेरा तेवढा जड जातो. दंड भरून येतात ते कडबा आत सरकवू लागल्यावर, आणि ते किती भरून येतात हे पेंढी किती जाड यावर ठरते, चाकावर ठरत नाही. उलट चाक हलके असते, तर पाते प्रत्येक धाटाशी अडखळले असते आणि मूठ फिरवणाऱ्याला दर फेऱ्याला हिसका बसला असता. जड चाक आधी दिलेला जोर साठवून ठेवते आणि पाते धाटात शिरण्याच्या क्षणी तो परत करते. विहिरीवरच्या जुन्या एका सिलिंडरच्या तेल इंजिनातही हेच घडत असे. चार टप्प्यांच्या अशा इंजिनात चाकाच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच जोर मिळतो, आणि उरलेला सगळा वेळ ते अवजड चाकच इंजिन फिरते ठेवते.

माणसाचे पाय याच इंजिनासारखे आहेत. पेडल पुढून खाली जात असते तेव्हा जोर चांगला लागतो, पण एक पाय अगदी वर आणि दुसरा अगदी खाली असताना जोर लागतच नाही. त्या दोन जागा ओलांडून नेण्याचे काम चाक करते. म्हणजे चाकाचे वजन व्यायामाचा गुळगुळीतपणा ठरवते आणि रोध व्यायामाची मेहनत ठरवते. ठरलेल्या वेगाने फिरत असलेले चाक जड आहे म्हणून तुमच्याकडून वेगळे काही मागत नाही. बेअरिंगचे घर्षण आणि हवेचा किरकोळ अडथळा तेवढा भागवावा लागतो.

ज्याला शब्दांवर विश्वास नाही, त्याच्यासाठी हिशेब मांडतो. एकसारख्या जाडीचे, २३ सेंटिमीटर त्रिज्येचे आणि २० किलो वजनाचे चाक घ्या, आणि पेडलच्या एका फेऱ्यात ते पावणेचार फेरे घेते असे धरा. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या गतीने पेडल मारले, तर त्या चाकात सुमारे २६० ज्यूल ऊर्जा साठते. त्याच मापाच्या ८ किलोच्या चाकात सुमारे १०४ ज्यूल साठतात. फरक उरला १५६ ज्यूलचा, आणि १०० वॅटने पेडल मारणारा माणूस तो दीड-पावणेदोन सेकंदांत भरून काढतो. तोच माणूस त्याच गतीने अर्धा तास बसला, तर त्याचे एकूण काम १ लाख ८० हजार ज्यूल होते. म्हणजे ज्या वजनासाठी इतके जास्तीचे पैसे मोजले, त्याचा मेहनतीतला वाटा सुरुवातीच्या दोन सेकंदांत संपला.

दुसरा पुरावा प्रयोगशाळेतला आहे. स्वीडनच्या मोनार्क कंपनीची मोजमापाची सायकल खेळाडूंच्या आणि रुग्णांच्या चाचण्यांसाठी कित्येक दशके वापरात आहे. तिच्या चाकाभोवती एक पट्टा असतो आणि पेडलच्या एका फेऱ्यात चाकाची कड ६ मीटर सरकते. पट्ट्यावर १ किलोची ओढ ठेवून मिनिटाला ५० फेरे मारले की काम सुमारे ५० वॅट होते. ओढ २ किलो केली की ते १०० वॅट होते. या गणितात ओढ आहे, अंतर आहे आणि फेऱ्यांची गती आहे. चाकही चांगले वजनदार असते, पण त्याचे वजन गणितात कुठेच येत नाही.

आता गुळगुळीतपणासाठी तरी वीस किलो लागतात का? तेही नाही, कारण खोक्यावर छापलेले वजन अर्धीच गोष्ट सांगते. साठणारी ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. तेच चाक दुप्पट वेगाने फिरवले तर साठा चौपट होतो. शिवाय सगळे वजन कडेला नेले, तर त्याच वजनाच्या सपाट तबकडीच्या जवळपास दुप्पट साठा मिळतो. कायझर कंपनीची एम३ ही सायकल परदेशातल्या व्यायामशाळांत सर्रास दिसते. तिचे चाक जेमतेम साडेतीन किलोचे आहे, पण ते जोरात फिरवलेले असते, म्हणून तिच्यावर बसणाऱ्याला पाय अडखळल्यासारखे वाटत नाही. 'जड चाकामुळे रस्त्यावरच असल्यासारखे वाटते' ही विक्रेत्यांची आवडती ओळही तपासून पाहावी. ७० किलोचा माणूस १५ किलोच्या सायकलीवर ताशी २० किलोमीटरने जात असेल, तर त्या दोघांत मिळून सुमारे १,३०० ज्यूल साठलेले असतात. वीस किलोचे ते चाक या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यावर अडते.

जड चाकाचा परिणाम एके ठिकाणी मात्र फार खरा आहे, आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. रस्त्यावरच्या सायकलीत फ्रीव्हील असते, म्हणून आपण पाय थांबवतो आणि सायकल पुढे जात राहते. स्पिन बाईक म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांत ते नसते. तिथे चाक फिरते तोवर पेडलही फिरतात, आणि रस्त्याच्या सवयीने अचानक पाय थांबवणाऱ्याच्या गुडघ्याला चाक ओढत नेते. चाक जितके जड, तितकी ही ओढ जास्त. अशा यंत्रावर चाक थांबवायचे असेल तर नॉब खाली दाबायची असते, आणि हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे. घरात लहान लेकरे असतील तर चाकाला आणि ते फिरवणाऱ्या पट्ट्याला पूर्ण झाकण असलेलेच यंत्र घ्यावे, आणि काम झाल्यावर नॉब पूर्ण आवळून ठेवावी.

माझी पसंती विचाराल तर ती स्पष्ट आहे. गावातल्या घरासाठी आठ-दहा किलोच्या चाकाचे, चुंबकाच्या रोधाचे आणि पट्ट्यावर चालणारे यंत्र घ्यावे, आणि वाचलेले पैसे मजबूत सांगाड्यावर घालावेत. नमदा झिजतो, तापतो आणि त्याच्यात धूळ बसली की किंचाळतो. तुरी-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आमच्या घरांत धुळीला तोटा नसतो. चुंबक चाकाला शिवतच नाही, त्यामुळे झिजण्याचा प्रश्न येत नाही. हाताने नॉब फिरवायच्या चुंबकी यंत्राला वीज लागत नाही आणि त्याचा पडदा सेलवर चालतो, म्हणून भारनियमनाचे वेळापत्रक पाहून व्यायाम करावा लागत नाही. आपोआप रोध बदलणारी बहुतेक यंत्रे विजेवर अवलंबून असतात. उभे राहून जोरात पेडल मारणाऱ्या, कमी गतीत भारी रोध घेणाऱ्या माणसाला जड चाक सुखाचे वाटते, हे मान्य आहे. पण मला विचारायला येणाऱ्यांत असा माणूस क्वचितच असतो. पडद्यावरच्या कॅलरीच्या आकड्याकडे मात्र कोणीच लक्ष देऊ नये. वजन, वय काहीही न विचारता यंत्र तो आकडा काढते, यातच काय ते समजावे.

दुकानात जाल तेव्हा दोन्ही यंत्रांवर बसून पाहा. वीस किलोच्या चाकावर नॉब पूर्ण सैल ठेवून दोन मिनिटे पेडल मारा, मग आठ किलोच्या चाकावर नॉब चांगली आवळून त्याच गतीने दोन मिनिटे मारा. दम कुठे लागतो, हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.

बसवण्याबाबत थोडक्यात सांगतो. बैठकीवर बसून टाच पेडलवर ठेवल्यावर सर्वांत खालच्या जागी पाय सरळ व्हावा. मग पंजा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप किंचित वाक राहतो. फरशी उंचसखल असेल तर पायांचे स्क्रू फिरवून यंत्र समतल करावे, आणि सारवलेल्या जमिनीवर ठेवायचे असेल तर खाली जाड फळी घालावी. घाम खारट असतो व लोखंड खातो, म्हणून हँडल आणि नॉबचा दांडा रोज पुसावा.

आता त्या घामाविषयी, कारण मूळ प्रश्न घामाचाच होता. माणसाचे शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचवते. पेडलवर १०० वॅट देताना अंगात ३०० ते ४०० वॅट उष्णता तयार होते. रस्त्यावर ती वारा नेतो. खोलीत वारा नसतो, म्हणून तीच मेहनत घरात जास्त घाम काढते. चाकाच्या वजनाशी त्या घामाचा काही संबंध नाही. तेव्हा पंखा छताचा न धरता समोरून छातीवर येईल असा ठेवावा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो त्या दिवसांत यंत्र कूलरच्या थेट झोतात ठेवले तरी चालते, कारण हवा कोरडी असते आणि पाणी लगेच उडते. तरीही सकाळी ऊन चढण्याआधीच बसावे. पावसाळा लागला की हवा आधीच ओली असते आणि कूलरचे पाणी तिच्यात भरच घालते, म्हणून तेव्हा कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा आणि खिडकी उघडी ठेवावी.