कल्ट म्हणायचं कोणाला? जरा मागची पार्श्वभूमी

खारघरला सेक्टर २३ मध्ये इस्कॉनचं ते मोठं राधा मदनमोहन मंदिर झालंय, १५ जानेवारी २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, आता रविवारी वाशी, पनवेल, अगदी ठाण्याहूनही लोक पोराबाळांना घेऊन जातात, आरती बघतात, प्रसाद खातात आणि घरी येतात. याला कोणी कल्ट, म्हणजे माणसांना जाळ्यात ओढणारा पंथ, म्हटलं तर लोक नुसते तोंडाकडे बघत राहतील. पण हीच संस्था १९६६ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली तेव्हा तिकडच्या आईबापांनी भयंकर धसका घेतला होता. कॉलेजातली पोरं घर सोडून, डोकं भादरून रस्त्यावर मृदंग वाजवत फिरायला लागल्यावर काहींनी तर पैसे देऊन माणसं लावली, स्वतःच्याच मुलांना उचलून आणलं आणि खोलीत कोंडून त्यांचं ‘डीप्रोग्रामिंग’, म्हणजे डोक्यात भरलेलं काढून टाकणं, करून घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं, इस्कॉनवाल्यांवर ब्रेनवॉश करून पोरांना डांबून ठेवल्याचा आरोप होता, आणि १९७७ ला न्यूयॉर्कच्या कोर्टाने सांगितलं की हा खराखुरा धर्म आहे, याची मुळं भारतात हजारो वर्षं मागे जातात, आरोप रद्द.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत क्लबहाऊस सत्संगाला द्यायचं की नाही यावरून ग्रुपवर जुंपली तेव्हा दोन्हीकडून हेच चाललं होतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. म्हणून हे जरा खणून काढलं.

अभ्यासकांकडे हा शब्द आधी शिवी नव्हता. जर्मन अभ्यासक अर्न्स्ट ट्रोल्च याने १९१२ ला मांडलं होतं की चर्चमध्ये माणूस जन्माने असतो आणि सेक्टमध्ये, म्हणजे वेगळ्या छोट्या पंथात, स्वतः ठरवून जातो. १९३२ ला हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने त्यात कल्टचा कप्पा टाकला, आणि गंमत म्हणजे त्याच्या लेखी कल्ट हा अगदी सैलसर प्रकार होता, वाटलं तर या, वाटलं तर जा. आजचा काळाकुट्ट अर्थ पक्का झाला तो १८ नोव्हेंबर १९७८ नंतर, गयानातल्या जोन्सटाउनमध्ये जिम जोन्स या पंथप्रमुखाच्या हुकमावरून सायनाइड घातलेलं सरबत पिऊन नऊशेच्या वर माणसं मेली, त्यात लहान मुलं पण होती आणि त्यांना तर ते मोठ्यांनी पाजलं.

लोक सहसा काय बघतात, तर पंथ नवीन आहे का, आणि काही लपवतात का. आता लपवण्याचंच घ्या. महानुभाव पंथ तेराव्या शतकातला, चक्रधरस्वामींचा, बायकांना आणि सगळ्या जातींना संन्यासाची दारं उघडी, म्हाइंभटांचं लीळाचरित्र म्हणजे मराठी गद्याची सुरुवातच. पण या लोकांनी आपले ग्रंथ शेकडो वर्षं सांकेतिक लिपीत ठेवले, बाहेरच्या कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून. मग काय, लोकांनी वाट्टेल ते रचलं, ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण त्यातूनच आली. विसाव्या शतकात लिपी उलगडली, ग्रंथ छापले गेले, आणि आत निघालं काय तर अहिंसा, भिक्षा आणि सुंदर मराठी! तेव्हा गुप्तता दिसली की लगेच कल्ट, हे काही खरं नाही.

सरकारी नोंदणीचं तर विचारूच नका. जपानमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाला १९८९ ला धार्मिक संस्था म्हणून रीतसर मान्यता मिळाली होती, आणि २० मार्च १९९५ ला त्याच लोकांनी टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला.

मग फरक कशात बघायचा? मी आपला बाहेर पडायचा दरवाजा बघतो. एखाद्या माळकऱ्याची वारी चुकली, पुढे माळ उतरली, मटण सुरू झालं, तर गावात चार लोक नावं ठेवतील, दिंडीतले विचारतील ‘काय माउली, यंदा दिसला नाही’, पण कोणी येऊन त्याच्या बायकोला ‘याला सोड’ म्हणत नाही.

या बाबतीत मुंबईतला १८६२ चा महाराज लायबल (म्हणजे बदनामीचा) खटला वाचण्यासारखा आहे. गुजराती पत्रकार करसनदास मुळजींनी १८६० ला आपल्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात लिहिलं की पुष्टिमार्ग या कृष्णभक्त पंथाचे गुरू, म्हणजे महाराज लोक, भक्तांच्या बायकामुलींचा गैरफायदा घेतात, आणि ही नवी पाखंडी मतं आहेत, मूळ हिंदू धर्म नाही. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा ठोकला. सुनावणीच्या आधी महाराजांना मानणाऱ्या भाटिया समाजातल्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की महाराजांविरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही, दिली तर जातीबाहेर (यावर वेगळा खटला होऊन पुढाऱ्यांना दंडही झाला). डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मात्र साक्ष दिली आणि करसनदास जिंकले. माझ्या मते तिथे पंथ जुना की नवा हा मुद्दाच नव्हता, बोललास तर जातीबाहेर ही धमकी हाच मुद्दा होता. आणि तोच पुष्टिमार्ग आज लाखो लोकांचा साधा घरगुती धर्म आहे.

अर्थात हा निकष लावला तर जुनी प्रतिष्ठित मंडळीही अधूनमधून नापास होतात. जातपंचायती आणि गावकीच्या वाळीत टाकण्यावर महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, आणि त्या तक्रारी आपल्या शेजारच्या रायगडमधूनही भरपूर यायच्या.

रजनीशांचं (म्हणजे ओशोंचं) प्रकरण अजून वेगळं. १९७४ पासून पुण्याला कोरेगाव पार्क, १९८१ ला अमेरिका, ऑरेगनमध्ये थेट शहरच वसवलं, आणि १९८४ ला स्थानिक निवडणूक मारायची म्हणून त्यांच्याच काही लोकांनी हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू टाकले, ७५१ माणसं आजारी पडली. तिकडच्या अ‍ॅटर्नी जनरलचं म्हणणं होतं की हे शहर धर्माच्या ताब्यात आहे म्हणून ते बेकायदा. १९८५ ला त्यांची सेक्रेटरी शीला पळाल्यावर रजनीशांनी सगळं तिच्यावर ढकललं आणि आपला काही धर्म नाहीच असं जाहीर केलं, शिष्यांनी ‘रजनीशिझम’च्या पुस्तकांची होळी पण केली. धर्म म्हणवून घेणंही सोयीचं, सोडणंही सोयीचं!

आपली कोर्टंही कल्ट ठरवायच्या भानगडीत पडत नाहीत. १९६६ ला न्या. गजेंद्रगडकरांनी स्वामिनारायण सत्संगी हिंदूच आहेत असा निकाल दिला, तो वाद मुळात दलितांना मंदिरात येऊ द्यायचं नाही म्हणून ‘आम्ही हिंदूच नाही’ म्हणण्यातून निघालेला.

दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ ला आलेला जादूटोणाविरोधी कायदाही कृत्य बघतो. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावावर फसवणूक, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं हे गुन्हे, वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही. पण सज्ञान माणसाने राजीखुशीने सगळा पगार नेऊन दिला आणि आईशी बोलणं टाकलं तर या कायद्याला तिथे फार काही करता येत नाही. फ्रान्सने २००१ ला नेमकं यावर बोट ठेवलं, मानसिक दबावाखालच्या माणसाच्या असहायतेचा फायदा घेणं हाच गुन्हा केला, आणि कल्टची व्याख्या मात्र त्यांनीही टाळली.