गुलमर्गची स्की-सहल: बर्फ, उशीर आणि आमचे नियम (हिवाळी बुकिंग करण्याआधी वाचावे)

गुलमर्ग सहलीचा कार्यक्रम हातात पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सात दिवसांची सहल, आणि स्कीइंग साडेतीनच दिवस? बाकीचे दिवस कुठे गेले?" काही जण सोबत दुसरे एखादे पत्रक घेऊन येतात. त्यात पाच दिवसांत चार दिवस स्कीइंग असते आणि वर आमच्यापेक्षा स्वस्त. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे माहितीपत्रक.

ज्या बर्फासाठी आपण जातो, तोच बर्फ वाट अडवतो. काश्मीर खोऱ्यात हिवाळ्यात बर्फ येतो तो मुख्यतः भूमध्य समुद्राकडून निघणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे. असा एक जोरदार झंझावात आला की गुलमर्गच्या उतारांवर ताज्या बर्फाचा जाड थर बसतो. त्याच दिवशी श्रीनगरची विमाने रद्द होतात, रामबन-बनिहाल भागात जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडतो आणि गुलमर्गच्या वाटेवर तंगमर्गच्या वरच्या वळणांवर गाड्या घसरू लागतात. 27 आणि 28 डिसेंबर 2024 ला नेमके हेच झाले. पर्यटक जागोजागी अडकले. सोनमर्गच्या वाटेवर गुंड गावच्या लोकांनी तर अडकलेल्या प्रवाशांसाठी मशीद उघडून दिली. जुलैत कोकणात जायचे आणि घाटात धुके-दरड नको म्हणायचे, तसेच हे. तेव्हा उशीर हा अपघात मानून सहल आखायची की तो धरूनच आखायची, एवढाच प्रश्न उरतो. आम्ही धरून आखतो.

उशीर कुठे कुठे होतो

पहिला अडथळा काश्मीरच्या बराच अलीकडे, दिल्लीत. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत दिल्लीत पहाटेचे धुके असते. "आमचे विमान मुंबईहून थेट आहे, दिल्लीच्या धुक्याशी आमचा काय संबंध?" असे विचारले जाते. संबंध असा की एकच विमान दिवसभरात चार-पाच फेऱ्या करते. तुमचे श्रीनगरचे विमान सकाळी दिल्लीहून मुंबईला यायचे असेल आणि ते तिथेच धुक्यात उभे असेल, तर मुंबईत लख्ख ऊन असूनही फलकावर 'विलंब' असेच दिसणार.

दुसरा अडथळा श्रीनगर. तिथे सकाळी धुके असते, बर्फ पडला तर धावपट्टी साफ करावी लागते, आणि चहूबाजूंनी डोंगर असल्याने कमी दृश्यमानतेत विमान उतरवता येत नाही. शिवाय हा विमानतळ हवाई दलाचा. प्रवासी वाहतूक त्यातल्या एका भागातून चालते. म्हणून आम्ही तिकिटे काढतो ती शक्यतो अकरा ते दोनच्या दरम्यान पोहोचणाऱ्या विमानांची. पहाटेचे विमान हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळते हे आम्हालाही दिसते. तरी जानेवारीत आम्ही ते घेत नाही.

दोन पीएनआर म्हणजे दोन वेगळे प्रवास

स्वतः तिकीट काढणाऱ्या मंडळींनी एवढा भाग तरी नीट वाचावा. पुणे-दिल्ली एका कंपनीचे, दिल्ली-श्रीनगर दुसऱ्या कंपनीचे, मध्ये दोन तासांचे अंतर. ॲपवर हे सगळे स्वस्त आणि सुटसुटीत दिसते. पण पीएनआर (तिकिटाचा आरक्षण क्रमांक) दोन असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुमच्या पहिल्या प्रवासाला काही अर्थ नाही. पुण्याचे विमान तीन तास उशिरा आले, तुम्ही धावतपळत काउंटरवर गेलात, तरी नोंद 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, अशीच होते. तिकीट गेले, आणि श्रीनगरचे नवे तिकीट त्या दिवशीच्या भावाने घ्यायचे. चार जणांचे कुटुंब असेल तर सहलीचे निम्मे बजेट त्या एका काउंटरवर संपते.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर मात्र पुढचे विमान मिळवून देणे ही विमान कंपनीची जबाबदारी असते. थोडे महाग पडले तरी एकच पीएनआर घ्या. ते जमत नसेल तर आदल्या दिवशी दिल्लीला पोहोचून मुक्काम करा. करोलबागेतली एक रात्र तुटलेल्या कनेक्शनपेक्षा कधीही स्वस्त.

विमान रद्द झाल्याचा मेसेज आला तर

हा मेसेज बहुधा परतीच्या दिवशी येतो. त्यात दोन पर्याय असतात: पैसे परत किंवा दुसरी तारीख. घाईत 'पैसे परत' दाबू नका. ते दाबले की त्या कंपनीशी तुमचा व्यवहार संपतो. त्याच सकाळी आणखी कित्येक विमाने रद्द झालेली असतात, अडकलेले सगळे एकाच वेळी तिकिटे शोधत असतात, आणि उद्याची विमाने आधीच जवळपास भरलेली असतात. म्हणजे तुम्हाला परत मिळणाऱ्या पैशांत नवे तिकीट येणार नाही. आधी आम्हाला फोन करा. आम्ही तारीख बदलून घेतो. ती उद्याची मिळेल असे नाही, परवाचीही मिळू शकते.

नियमांविषयीही गैरसमज आहेत. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांप्रमाणे विमान रद्द झाले तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, हा तुमचा हक्क आहे. पाच ते दहा हजार रुपयांच्या भरपाईविषयी जे फॉरवर्ड फिरतात, ती तरतूद खरी आहे, पण ती कंपनीच्या आवाक्यातल्या कारणांसाठी. बर्फ, धुके, हवाई वाहतूक नियंत्रण अशा कारणांना ती लागू होत नाही, आणि हॉटेलसाठीही मग आग्रह धरता येत नाही. काउंटरवरच्या मुलीवर ओरडून यात काही बदलत नाही. तिच्याकडून लेखी कारण मात्र जरूर घ्या. विम्याच्या दाव्याला तोच कागद लागतो.

विम्याचे दोन मुद्दे. पॉलिसी बुकिंगच्या वेळीच घ्या. वादळाचा इशारा आल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी कामाची नसते. आणि स्कीइंग 'साहसी खेळ' म्हणून वगळलेले आहे का ते बघा. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत ते वगळलेले असते आणि थोडे जादा पैसे भरून घालता येते.

तंगमर्गच्या वर

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. त्यातला शेवटचा तंगमर्ग ते गुलमर्ग हा 13 किलोमीटरचा चढ हाच खरा प्रश्न. बर्फ असेल तेव्हा चाकांना लोखंडी चेन लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच वर सोडतात. श्रीनगरहून आणलेली साधी गाडी तंगमर्गलाच थांबते, सामान उतरवायचे, चेनवाली गाडी करायची आणि पुढे निघायचे. हे वाटते त्यापेक्षा जास्त वेळ खाते. चालक दोन्ही चाकांपुढे चेन पसरतो, गाडी हातभर पुढे घेतो, मग बर्फात गुडघे टेकून, उघड्या बोटांनी कडी ओढून अडकवतो. एक कडी सुटली की पुन्हा पहिल्यापासून. मागे रांग लागलेली असते आणि कोणी हॉर्न वाजवत नाही. त्या पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही गाडीतच बसा, खाली उतरून फोटो काढणारे पाय घसरून पडतात.

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा कोंगदुरीपर्यंत जातो, दुसरा अफरवत शिखराच्या खांद्याशी, 3,900 मीटरच्याही वर. वारा सुटला किंवा हिमस्खलनाची भीती असली की दुसरा टप्पा बंद ठेवतात, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतर तो लगेच उघडतोच असे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये इथल्या हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला, तेव्हा या बंदीवर कुरकुर नको. तशीही पहिल्यांदा स्की पायाला बांधणाऱ्याला दुसऱ्या टप्प्याची गरज नसते. शिकायचे असते ते खाली, गोल्फ कोर्सच्या बाजूच्या सौम्य उतारांवर, आणि ते उतार सहसा चालू असतात. गोंडोलाची तिकिटे केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरून, ठरलेल्या तारखेची निघतात. म्हणून आम्ही ती पोहोचण्याच्या दिवसाची कधीच काढत नाही.

मग ते साडेतीन दिवस

पहिला दिवस प्रवासाचा आणि मुक्काम श्रीनगरला. विमान चार तास उशिरा आले तरी अंधारात घाट चढावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जायचे, बूट-स्की मापाने घ्यायचे, दुपारी नुसते उभे राहायला शिकायचे. तिसरा, चौथा, पाचवा दिवस पूर्ण स्कीइंग. सहाव्या दिवशी दुपारी जेवण करून खाली श्रीनगरला, आणि सातव्या दिवशी विमान.

शेवटची रात्र गुलमर्गला काढून सकाळी थेट विमानतळ गाठायचा आग्रह दरवर्षी कोणीतरी धरते. आम्ही ऐकत नाही. रात्रीत बर्फ पडला तर सकाळी यंत्राने रस्ता साफ होईपर्यंत वरून गाडी सुटत नाही. श्रीनगर विमानतळावर तपासणीही जास्त आहे. टर्मिनलच्या बऱ्याच अलीकडे ड्रॉप गेटवर सगळे सामान उतरवून तपासतात, आत पुन्हा तपासणी. तीन तास आधी पोहोचावे लागते, 26 जानेवारीच्या आसपास त्याहून आधी.

आणि आठवा दिवस कॅलेंडरवर मोकळा ठेवा. सोमवारी ऑफिसला हजर राहायचेच आहे, मंगळवारी मुलाची प्रिलिम आहे, अशांनी ही सहल मार्चमध्ये करावी किंवा दुसरी निवडावी. हे सांगून आम्ही बुकिंग गमावतो, ठाऊक आहे.

बर्फच आला नाही तर

उलटेही होते. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार महिनाभर जवळजवळ कोरडे होते. 2025 च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत ठरला होता, बर्फाअभावी तो 9 ते 12 मार्चला झाला. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीचे, चाळीस दिवस 21 डिसेंबरला सुरू होतात, पण थंडी कडक म्हणजे बर्फ भरपूर असे गणित नाही. आमच्या मते जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत भरवशाचा. नाताळची सुट्टी सर्वांत महाग आणि सर्वांत बेभरवशाची.

रेल्वेची वाट

जून 2025 मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. सुमारे तीन तासांचा प्रवास, चिनाबच्या पुलावरून. विमाने रद्द असताना ही गाडी खोऱ्याबाहेर पडायचा चांगला मार्ग आहे. गाडी कटऱ्यापर्यंतच असेल तर तिथे ती बदलावी लागते. पुढे जम्मूहून विमान, किंवा झेलम एक्स्प्रेसने दोन रात्रींत पुणे. पण त्या दिवशी हीच युक्ती सगळ्यांना सुचते. म्हणून झंझावाताचा अंदाज दिसताच आमचा माणूस तिकिटे बघायला लागतो, मेसेजची वाट बघत नाही.

पैशांचे

हवामानामुळे वाढलेल्या दिवसाचे हॉटेल आणि जेवण प्रवाशाच्या खर्चाने, मात्र आमच्या ठरलेल्या दरानेच. त्यावर आमचे सेवाशुल्क नाही. उशिरा पोहोचल्याने बुडालेला प्रशिक्षकाचा दिवस आदल्या संध्याकाळपर्यंत कळवता आला तर त्याचे पैसे परत मिळतात, नंतर नाही. तो माणूस त्या दिवशी दुसरे काम घेऊ शकत नाही. विमान कंपनीकडून आलेला परतावा जसाच्या तसा तुमच्या खात्यात जातो.

निघताना

आपल्याकडचे प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. घरातल्या एकाचे तरी पोस्टपेड हवेच, नाहीतर विमान रद्द झाल्याचा मेसेज तुमच्यापर्यंत येणारच नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चार दिवसांच्या जादा, आणि हातातल्या बॅगेत. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड आणि हातमोजेही तिथेच. चेक-इन बॅग मागे राहिली तर पहिला दिवस त्यावर निभावतो. स्कीचे जाकीट वर भाड्याने मिळते, विकत घेऊ नका.

बुकिंगच्या फॉर्मवर बुटाचा नंबर, उंची, वजन आणि पोस्टपेड मोबाइल क्रमांक लिहा. बुटाचा नंबर चपलेचा नको, जाड मोजे घालून बसणाऱ्या बुटाचा लिहा.