ट्रायच्या सदस्यपदासाठी अर्ज: आधी वय मोजा, मग 'कंपनी' शोधा

गेल्या आठवड्यात जुळे सोलापुरातले एक काका आमच्या ऑफिसात आले. बीएसएनएलमध्ये तीस वर्षं काढून २०२० च्या जानेवारीत व्हीआरएस घेतलेले. पिशवीत दहावीच्या सर्टिफिकेटपासून रिलीव्हिंग ऑर्डरपर्यंत सगळं लॅमिनेट करून आणलेलं. व्हॉट्सॲपवरचा निरोप दाखवत म्हणाले, "ट्रायमध्ये सदस्य घेतायत म्हणे. आयुष्य टेलिफोनमध्ये गेलं, माझा फॉर्म भरून टाका." निरोपात खाली एक लिंक होती आणि 'फी भरून जागा निश्चित करा' असंही लिहिलेलं. ती लिंक आधी डिलीट करायला लावली. मग कायदा उघडून बसलो. त्या तासाभरात जे बोललो तेच इथे मांडतो, कारण असे निरोप एकट्या काकांना येत नाहीत.

ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. १९९७ च्या कायद्याने ते स्थापन झालं. मोबाइल आणि इंटरनेट तर त्याच्या कक्षेत आहेतच, पण २००४ पासून केबल आणि डीटीएचही आहे. हा मुद्दा पुढे लागेल. प्राधिकरणात एक अध्यक्ष, जास्तीत जास्त दोन पूर्णवेळ आणि जास्तीत जास्त दोन अर्धवेळ सदस्य असतात. म्हणजे सगळ्या देशात मिळून फार तर पाच खुर्च्या. तेव्हा 'भरती' हा शब्द दिसला की तिथेच शंका घ्यावी. ट्रायच्या कार्यालयातली नोकरी ही वेगळी गोष्ट आहे आणि हे सदस्यपद वेगळं.

पात्रता

कलम ४ मध्ये सात क्षेत्रं दिली आहेत: दूरसंचार, उद्योग, वित्त, लेखा, कायदा, व्यवस्थापन आणि ग्राहकांचे प्रश्न. यांपैकी एखाद्यात विशेष ज्ञान आणि व्यावसायिक अनुभव हवा. इथपर्यंत वाचून सोलापुरातले निम्मे लोक पात्र वाटतील. पुढच्या दोन परंतुकांत, म्हणजे कलमाला 'परंतु' म्हणून जोडलेल्या अटींत, मात्र घोडं पेंड खातं. ही परंतुकं २०२३ च्या दूरसंचार कायद्याने बदलली आणि ५ जुलै २०२४ पासून लागू झाली. इंटरनेटवर अजून जुनी प्रत फिरते, तिच्यावर विसंबू नका.

सरकारी सेवेत असलेल्या किंवा होऊन गेलेल्या माणसाला अध्यक्ष व्हायचं तर त्याने केंद्रात सचिव किंवा केंद्र-राज्यातलं समकक्ष पद भूषवलेलं असावं लागतं. सदस्यपदासाठी अतिरिक्त सचिव किंवा समकक्ष पद लागतं. केंद्रातला अतिरिक्त सचिव वेतनश्रेणीच्या १५ व्या स्तरावर असतो. आपल्या जिल्ह्याचे कलेक्टरसुद्धा त्या पायरीपासून बरेच खाली असतात. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

सरकारबाहेरच्यांसाठी अध्यक्षपदाला किमान ३० आणि सदस्यपदाला किमान २५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. शिवाय वरच्या सात क्षेत्रांपैकी एखाद्यातल्या कंपनीच्या संचालक मंडळावर किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून काम केलेलं असलं पाहिजे.

या 'संचालक' शब्दाने आपल्याकडे हमखास घोळ होतो. सोलापूर जिल्ह्यात संचालक म्हटलं की डोळ्यांसमोर साखर कारखाना, सूतगिरणी नाहीतर पतसंस्था येते. त्या सहकारी संस्था, त्यांची नोंदणी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली. परंतुकात शब्द आहे 'कंपनी'. वीस वर्षं कारखान्याच्या मंडळावर निवडून आलेल्या माणसाला हा फरक जिव्हारी लागतो, पण माझ्या वाचनाप्रमाणे नुसत्या सहकारातल्या संचालकपदावर ही अट पुरी होत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे यंत्रमाग चालवणाऱ्यांचंही तेच. तीन पिढ्यांचा धंदा असला तरी पेढी भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर असेल तर ती कंपनी नव्हे. शेजारच्याच शेडमध्ये प्रायव्हेट लिमिटेड काढून बसलेला निदान कागदावर तरी एक पायरी पुढे गेला. निवड होणं लांबची गोष्ट, पण अर्ज छाननीत टिकतो की नाही ते अशा एका शब्दावर ठरू शकतं.

कायद्याचा रोखही काळाबरोबर बदलत गेला आहे. १९९७ च्या मूळ कायद्यात अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश असावा लागे. २००० मध्ये वाद सोडवायचं काम टीडीसॅट या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे गेलं आणि ती अट गळाली. त्यानंतर स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष एम. एस. वर्मा ट्रायच्या खुर्चीवर आले. २०२४ च्या जानेवारीत अध्यक्ष म्हणून नेमले गेलेले अनिलकुमार लाहोटी हे रेल्वे बोर्डाचे माजी अध्यक्ष.

वय आणि मुदत

मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा वयाची ६५ पूर्ण होईपर्यंत, जे आधी घडेल ते. साडेत्रेसष्टाव्या वर्षी रुजू झालात तर हातात दीडच वर्ष उरतं. म्हणून बाकीचे कागद काढण्याआधी दहावीच्या सर्टिफिकेटवरची जन्मतारीख बघा. सरकारी नोकरीत असाल तर अध्यक्ष किंवा पूर्णवेळ सदस्य म्हणून रुजू होण्यापूर्वी निवृत्ती घ्यावी लागते, प्रतिनियुक्ती चालत नाही.

कागदपत्रं

जागा रिकामी होणार असली की दूरसंचार विभाग आपल्या संकेतस्थळावर जाहिरात देतो. अर्जाचा नमुना, शेवटची तारीख आणि जोडायचे कागद त्या जाहिरातीत असतात, आणि त्या वेळी त्यात जे लिहिलं असेल तेच अंतिम. जन्मतारखेचा पुरावा, पदव्या आणि अनुभवाची वर्षवार माहिती मात्र आधीच तयार ठेवा. अनुभव 'सुमारे २५ वर्षं' असा लिहू नका, महिन्यासकट लिहा.

कंपनीचे संचालक असाल तर डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरची नोंद ताडून पाहा. नेमणुकीच्या वेळी भरलेला डीआयआर-१२ हा फॉर्म सापडतो का तेही बघा. आमच्याकडे दर वर्षी असे दोनतीन संचालक येतात, ज्यांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पोर्टलवर दुसरंच असतं. सरकारी अधिकाऱ्यांना कार्यालयामार्फत अर्ज, गोपनीय अहवाल आणि दक्षता विभागाचा दाखला ही वाट ओळखीचीच आहे.

हितसंबंधांचा कागद लोक सर्वांत हलक्यात घेतात. कामावर विपरीत परिणाम करील असा आर्थिक किंवा इतर हितसंबंध उमेदवाराला नाही, याची खात्री नेमणुकीपूर्वी सरकारने करून घ्यायची असते. डिमॅट खात्यात मोबाइल कंपनीचे शेअर पडून असतील, किंवा मुलगा केबलचा धंदा करत असेल, तर ते आपणहून सांगा. पुढे असा हितसंबंध निघाला तर त्यावरून पद काढून घेता येतं.

निवड

सदस्य केंद्र सरकार नेमतं. ट्राय कायद्यात निवड समितीची रचना दिलेली नाही. आलेल्या नावांची छाननी होते, शेवटची मंजुरी पंतप्रधान आणि गृहमंत्री यांच्या मंत्रिमंडळ नियुक्ती समितीची असते, आणि मग अधिसूचना निघते. या वाटेवर अर्जदाराच्या हाती फारसं काही नसतं, त्यामुळे 'आपली ओळख आहे' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

पद सुटल्यावरही बंधनं राहतात. अध्यक्ष आणि पूर्णवेळ सदस्यांना दोन वर्षं केंद्राच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय दूरसंचार कंपनीत नोकरी धरता येत नाही की सरकारी पद घेता येत नाही. पूर्वी सरकारी पदाला सरसकट बंदी होती. ट्रायचे माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्रा यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमण्यासाठी २०१४ मध्ये वटहुकूम काढून ती सैल करावी लागली.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हणजे आमचं काही चालतच नाही तिथं." तसं नाही. नियम किंवा शिफारशी करण्याआधी ट्राय सहसा सल्लामसलत पत्र काढतं. त्यावर कोणीही लेखी मत पाठवू शकतं, त्याला फी नाही की पात्रता नाही. दुसऱ्यांच्या मतांवर प्रतिमत देण्यासाठी वेगळी तारीख असते आणि नंतर खुली चर्चा होते. वैयक्तिक तक्रार मात्र तिथे चालत नाही. ती आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात आणि मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे न्यायची.

काकांनी लॅमिनेट केलेले कागद पिशवीत परत ठेवले आणि माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. पहिली ओळ तिथेच लिहिली: 'तळमजल्यावर रेंज येते, जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाते.'